आधी एक घंटी

बारापात्रे कुलरमध्ये पाणी टाकत होते.
मे महिन्यातली रात्र, खामल्यातली आमची गल्ली,
भिंतीलासुद्धा ताप आलेला.
पाइप टाकीत सोडून ते पायरीवर टेकले
आणि कुणाकडे न बघता म्हणाले,
"पाणी संपलं का हा गरम हवाच फेकते.
माणसाचं पण तेच आहे.
कोणी न कोणी टाकत राहा लागते."
त्यांची बायको जाऊन तेव्हा एकवीस दिवस झाले होते.
मी "हो ना" म्हणालो
आणि कचऱ्याची बादली आत घेतली.

वाक्यही आत आलं, बादलीबरोबर.

ते बाहेर काढलं दिवाळीच्या आधी,
लांजेवारांच्या शोकसभेत.
बजाजनगरचा हॉल, खडखडणारे पंखे,
माझ्याजवळ बोलायला दुसरं काही नव्हतं.
चोरलं नाही, नाव घेऊन सांगितलं.
"आमचे शेजारी बारापात्रे म्हणतात" म्हणालो,
पायरीचं सांगितलं, पाइपचं सांगितलं,
एकवीस दिवसांचंही.
दुसऱ्या रांगेत कुणी नाक पुसलं.
लांजेवारांच्या सुनेने वहीत उतरवून घेतलं.
मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू,
माणूस गेल्याचं जितकं वाईट वाटलं होतं
त्याहून थोडं जास्तच बरं वाटलं.

बारापात्रे तेव्हा घरी शेंगा सोलत बसले होते.

त्यांना कळलं तिसऱ्या दिवशी, पोह्याच्या ठेल्यावर.
कोण कुठला माणूस, मनगट धरून म्हणाला,
"काका, ते तुमचं कुलरचं! वा!"
हातात बशी, पोह्यांवर चणे, चण्यांवर लाल तर्री,
आणि तो त्यांना त्यांच्याच बायकोबद्दल सांगतोय.
बशी तशीच ठेवली, पैसे दिले, निघाले.

संध्याकाळी माझ्या दारात आले. चिडलेले नव्हते.
"नाव घेतलं त्याचं काही नाही," म्हणाले,
"पण माझी गोष्ट माझ्याच दारावरून गेली
अन् मलेच माहीत नाही.
आधी एक घंटी मारायची ना बावा.
मी काय नाही म्हटलं असतं?"
मग जिना उतरता उतरता,
"म्हटलंही असतं."

त्यानंतर मी घंट्या मारतच सुटलो.
त्यांनी सुचवलेला प्लंबर कुणाला सांगितला, फोन.
त्यांच्यासारखं "ऊन नाही, भट्टी आहे" म्हणालो, फोन.
नवव्या फोनला ते जांभई देत बोलले,
"प्लंबरसाठी नोको करू.
जिथं मी उघडा दिसन, तिथं सांग."

तेव्हापासून बोलता बोलता मध्येच अडतो.
तोंडात कुणाकुणाचं काय काय निघतं.
राजीनामा टंकत असताना झोडापे मॅडम जे पुटपुटल्या ते,
आईने मेडिकलच्या वॉर्डात, नर्स वळल्यावर, म्हटलेलं ते.
ज्यांच्या दाराला आता घंटीच नाही
त्यांचं काय करायचं,
हे बारापात्र्यांना विचारायचं राहूनच जातं.

परवा रात्री साडेदहाला बेल वाजली.
बारापात्रे. बनियन, हातात टॉर्च,
गल्लीतली लाइट गेलेली.
"उद्या पेन्शनवाल्यांची मिटिंग आहे.
तुझं एक बोलणं सांगणार आहो. चालन ना?"
"माझं? कोणतं?"
"तेव्हा जो तो मले शिकवून राहिला होता.
गीता वाच, फिराले जा, पोरीकडे राहा.
त्या रात्री मी कुलर भरून राहिलो होतो,
तू फक्त 'हो ना' म्हटलं, अन् चूप बसला.
तेच सांगतो म्हटलं."

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या.
चूप बसलो नव्हतो मी. वास येत होता, आत पळालो होतो.
"सांगा," मी म्हणालो,
"फक्त बादलीचं नका सांगू."

त्यांनी टॉर्च माझ्या पायांवर आणला,
जरा वेळ तिथेच धरला.
"कोणती बादली?"